एक खिडकी, शेकडो भिंती

आर्किटेक्टच्या ऑफिसात कोणी दरवेळी नव्याने खिडकी काढत बसत नाही. एकदा काढून ठेवलेला ‘ब्लॉक’ टाकायचा आणि पुढे जायचं. हीच सवय आता शहरांच्या त्रिमितीय नकाशांतही रुजली आहे. तिचं मूळ शोधायला १९६३ सालच्या एमआयटीत जावं लागतं. आयव्हन सदरलँडने पीएच.डी.साठी ‘स्केचपॅड’ तयार केलं. टीएक्स-२ संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने एक षटकोन काढायचा आणि त्याच्या हव्या तेवढ्या प्रती मांडायच्या. गंमत पुढेच होती. मूळ षटकोनाच्या जागी अर्धवर्तुळ ठेवलं की अख्खी जाळी माशाच्या खवल्यांची होई.

नकाशावाल्यांपर्यंत ही युक्ती पोचायला चार दशकं गेली. जर्मनीतल्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात २००२पासून शहरांची त्रिमितीय मॉडेल साठवण्याचं ‘सिटीजीएमएल’ हे स्वरूप घडत होतं; २००८मध्ये ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्टियमने ते मानक म्हणून स्वीकारलं. त्यात झाड किंवा दिव्याचा खांब त्याच्या स्वतःच्या शून्य बिंदूपासून मोजून एकदाच साठवता येतो. जिथे जिथे तो उभा आहे तिथे मूळ आकाराचा हवाला, जमिनीवरचा एक बिंदू आणि सोळा आकड्यांची सारणी एवढंच लिहायचं. वळवणं, सरकवणं, लहानमोठं करणं सगळं त्या सोळांत आलं. दारं-खिडक्यांना ही सोय मिळाली ती २०१२च्या दुसऱ्या आवृत्तीत.

आता हिशेब मांडू. साध्या चौकोनी खिडकीचे चार कोपरे म्हणजे बारा आकडे. हवाल्याने लिहायची तर सारणीचे सोळा आणि बिंदूचे तीन, असे एकोणीस. म्हणजे साधी खिडकी थेट लिहिलेलीच स्वस्त! गज, झडपा, नक्षीची चौकट असली की मग कमाई सुरू होते. फाइल लहान होते, एवढंच सांगून या तंत्राची भलामण करणं मला म्हणूनच अपुरं वाटतं. खरा फायदा सदरलँडच्या खवल्यांत आहे : मूळ एकदा दुरुस्त केलं की सगळीकडचं दुरुस्त होतं. बदल्यात कटकटही आहे. काचेचं एकूण क्षेत्रफळ काढायचं तर प्रत्येक प्रत आधी उलगडून, सारणीतून काढून खऱ्या मापात आणावी लागते.

डेल्फ्टमध्ये घडलेल्या ‘सिटीजेसन’ या स्वरूपाने तीच रीत सुटसुटीत केली : मूळ आकारांची, म्हणजे साच्यांची, यादी एका जागी, आणि वापराच्या ठिकाणी साच्याचा क्रमांक, एक बिंदू, सोळा आकडे. २०२१च्या सिटीजीएमएल ३.०मध्ये तर अख्खी इमारतच साच्यावरून उभी करता येते. एकाच प्लॅनवर बांधलेल्या वसाहतींचं मॉडेल करणाऱ्यांनी ही सोय आधी तपासून पाहावी.