भाजलेल्या मातीचा धडा
हरभऱ्याचा बेवड चांगला, म्हणजे हरभऱ्यानंतर त्या रानात पुढचं पीक चांगलं येतं, हे मराठवाड्यात मला कुणाला शिकवावं लागलं नाही. कृषी सहायक म्हणून मी बीजप्रक्रिया समजवायला जायचो, आणि कुठल्या रानात कशावर काय घ्यायचं ते म्हातारे मलाच सांगायचे. पण असं का होतं, यावर युरोपातले नामांकित रसायनतज्ज्ञ पन्नास वर्षं अडले होते.

१८३८मध्ये फ्रान्सच्या बूसँगोनं दाखवलं, की क्लोव्हर या चाऱ्यात आणि वाटाण्यात नत्र वाढतं, गव्हात नाही. मग ते हवेतून येतं का हे पाहायला इंग्लंडात रॉथमस्टेडला लॉज, गिल्बर्ट आणि पग यांनी १८५७-५८मध्ये कडेकोट बंदोबस्त केला. माती भाजली, झाडं काचेखाली ठेवली, आत सोडायची हवासुद्धा धुऊन घेतली. नत्र वाढलं नाही. प्रयोग थोडा गबाळा झाला असता तर बरं झालं असतं. उत्तर त्या मातीबरोबरच भाजून गेलं होतं.

जर्मनीत बर्नबर्गला हेलरीगेल वाळूच्या कुंड्यांत पिकं वाढवत होता. ओट घातलेल्या नत्राच्या मापानंच वाढे. वाटाण्याचा मात्र नेम नव्हता: शेजारशेजारच्या कुंड्यांत एक हिरवागार, एक पिवळा. हेलरीगेल आणि त्याचा सहकारी विल्फार्थ यांनी शेतातली माती पाण्यात कालवून ते पाणी निर्जंतुक वाळूत ओतलं. मुळांवर गाठी धरल्या, वाटाणा उठला. तेच पाणी उकळून ओतलं, तर काही नाही. म्हणजे जे होतं ते जिवंत होतं. हे त्यांनी १८८६ साली बर्लिनला सांगितलं. दोन वर्षांनी हॉलंडमध्ये बायरिंकनं गाठीतला जिवाणू वेगळा काढला. झाड त्याला साखर पुरवतं, तो हवेतलं नत्र झाडाच्या कामी आणतो.

हेलरीगेलला आणखी एक दिसलं होतं. वाटाण्याला लागू पडणारं मातीचं पाणी ल्युपिन या दुसऱ्या शेंगवर्गीय पिकाला चालेना. त्याला ल्युपिन येणाऱ्या जमिनीचीच माती लागे. आपल्याकडे सोयाबीन पसरलं तेव्हा हेच आडवं आलं. हरभऱ्याचे जिवाणू जुन्या रानांत होतेच, सोयाबीनचे कुठून असणार? म्हणून रायझोबियमची, म्हणजे गाठीतल्या या जिवाणूंची, पाकिटं: दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवायचं, हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. पाकीट उन्हात ठेवू नका, हे सांगून माझा घसा बसायचा, आणि दुकानात ते तापलेल्या पत्र्याखाली पडलेलं असायचं.

हरभऱ्याचं उरलेलं पाकीट सोयाबीनला लावू का, असं पेरणीच्या तोंडावर कुणीतरी विचारायचंच. नाही चालत.