दवाखान्यांतील शुल्क आणि खरा रोगी

रोग्याकडून अल्पसें शुल्क घेतलें म्हणजे निष्कारण येणारांची गर्दी ओसरते, औषधांस पैसा मिळतो व फुकट लाभलेल्या वस्तूची हेळसांडही होत नाहीं, असा युक्तिवाद नेहमीं ऐकूं येतो. वरवर पाहतां तो बिनतोड वाटतो. परंतु शुल्कामुळें दारांतून परत जातो तो निष्कारण आलेला, कीं खरा रोगी? या प्रश्नास आफ्रिकेंतील केनिया देशाच्या इतिहासानें दिलेलें उत्तर विचार करण्याजोगें आहे.

हा देश १९६३ सालीं स्वतंत्र झाला आणि १९६५ सालीं त्यानें सरकारी दवाखान्यांतील बाह्यरुग्णांवरील शुल्क रद्द केलें. पुढें लोकसंख्या वाढली, तिजोरीस ओढ लागली. आणि १९८७ सालीं गरीब देशांनीं रोग्यांकडून शुल्क घ्यावें असा पुरस्कार जागतिक बँकेनें केला. डिसेंबर १९८९ पासून केनियांत शुल्क पुन्हां सुरू झालें; परंतु सप्टेंबर १९९० मध्यें बाह्यरुग्णांपुरतें तें स्थगित करावें लागलें.

मधल्या नऊ महिन्यांत काय घडलें? नैरोबी येथील गुप्तरोगांच्या एका दवाखान्याची हकीकत १९९२ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. शुल्क असतांना तेथें दरमहा येणारांचें प्रमाण पूर्वीच्या मानानें पुरुषांत शेंकडा ४० व स्त्रियांत शेंकडा ६५ इतकेंच उरलें. हे रोग अंगावर काढले असतां दुसऱ्यास जडतात आणि एड्सच्या संसर्गासही वाट करून देतात. तेव्हां उपचारावांचून राहिलेल्या रोग्याबरोबर त्याचें घरही धोक्यांत येतें. शुल्क उठल्यावर स्त्रियांचें प्रमाण शेंकडा १२२ वर गेलें. पुरुषांचें मात्र ६४ वरच थांबलें. मोडलेली वाट हुकूम निघाल्याबरोबर पुन्हां रुळत नाहीं, हेंच यावरून दिसतें.

तथापि शुल्काच्या पुरस्कर्त्यांची एक गोष्ट मान्य केली पाहिजे: औषधांचें कपाट रिकामें असेल तर मोफत दवाखान्याचा उपयोग काय? १९९२ पासून केनियांत शुल्क टप्प्याटप्प्यानें परत आलें. २००४ सालीं तें लहान दवाखान्यांत १० व आरोग्यकेंद्रांत २० शिलिंगांवर आणलें गेलें आणि २०१३ सालीं तेंही रद्द झालें. मात्र रोग्यानें जें नाणें दारांत द्यावयाचें नाहीं, तें निरोगी माणसानें कराच्या रूपानें आधींच दिलें पाहिजे. एवढी तयारी नसेल तर मोफतपणाची घोषणा ही केवळ दारावरची पाटी ठरेल.