यवतमाळचा गोलकीपर

कारंजा स्टेशनच्या फलाटावर उभे राहा. साल १९९२, महिना जुलै. वाशीम जिल्हा अजून झालेला नाही, त्याला सहा वर्षं अवकाश आहे. आज तुम्ही अकोला जिल्ह्यात आहात. मूर्तिजापूरहून शकुंतला येतेय. वाफेचं इंजिन, अडीच फुटांचा रूळ, खिडकीत बसलात की कोळशाचे कण डोळ्यांत. वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला इंग्रज कंपनीनं टाकलेली ही लाइन. गाडी दारव्ह्याकडे निघते तशी दोन्ही बाजूंना कपाशीत डवरणी चाललेली दिसते. समोरच्या बाकावरचे आजोबा विचारतात, "कुठं चालले बापू?" "यवतमाळले," म्हणा.

याच महिन्याच्या २४ तारखेला यवतमाळात आकाश चिकटे जन्मलाय. तो देशाचा गोल राखेल, हे या डब्यात तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

आता उतराल ते एकदम ३० ऑक्टोबर २०१६ ला, मलेशियातल्या क्वांटानमध्ये. घरी लक्ष्मीपूजन आहे. इथं हॉकीच्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. उपांत्य सामन्यात कोरियाला शूटआउटमध्ये रोखणारा भारताचा मुख्य गोलकीपर श्रीजेश जायबंदी आहे, म्हणून गोलात आकाश उभा आहे. राखीव गोलकीपरचं जिणं तुम्हाला इथं कळतं. बचावात चार जागा असतात, मधल्या फळीत तीन-चार, गोलात एकच. पुढचा माणूस श्रीजेशच्या तोडीचा असेल, तर तुम्ही कितीही घाम गाळा, वर्षानुवर्षं बाकावरच. आणि बोलावणं आलं की ते अशाच दिवशी येतं. भारत दोन गोलांनी पुढे जातो, पाकिस्तान बरोबरी साधतो, ५१ व्या मिनिटाला निकिन तिम्मय्या तिसरा गोल मारतो. उरलेली नऊ मिनिटं तुम्ही गोलजाळीच्या मागे श्वास धरून उभे राहता. ३-२. फटाके घरी वाजलेच असतील. या विजयासाठी वाजले असते तर मला जास्त आनंद झाला असता.

जाता जाता २३ ऑक्टोबर १९६४ च्या टोकियोत डोकावून या. हेही भारत-पाकिस्तान, तेही ऑलिंपिकच्या सुवर्णपदकासाठी. गोलात मराठा लाइट इन्फंट्रीचा शंकर लक्ष्मण. डोक्यावर हेल्मेट नाही, तोंडावर जाळी नाही, समोरून येणारा चेंडू दीडशे ग्रॅमच्या वर आणि दगडासारखा टणक. मोहिंदर लालचा एकमेव गोल लक्ष्मण शेवटपर्यंत राखतो. मूळचा महूचा हा माणूस मराठा पलटणीत वाढला, म्हणून त्याच्यावर आपलाही थोडा हक्क आहे असं मी मानतो.

पण खरं थांबायचं ते पुढच्या मुक्कामाला. ६ डिसेंबर २०१७ ची रात्र, भुवनेश्वरचं कलिंग स्टेडियम, जागतिक हॉकी लीगची उपांत्यपूर्व फेरी. श्रीजेश गुडघ्याच्या दुखापतीनं घरी. भारत गटात तळाला. समोर बेल्जियम, रिओ ऑलिंपिकचा रौप्यविजेता. साठ मिनिटांनंतर ३-३, म्हणजे शूटआउट.

जाळीला नाक लावून उभे राहा. गोल ३.६६ मीटर रुंद, २.१४ मीटर उंच. आकाश रेषेवर आहे. पायांना जाड फोमचे पॅड, बुटांवर किकर, डोक्यावर हेल्मेट. बेल्जियमचा खेळाडू २३ मीटरच्या रेषेवर चेंडू घेऊन उभा. शिट्टी वाजते आणि आठ सेकंद सुरू होतात. आकाश पुढे धावतो, कारण गोलकीपर जेवढा पुढे येईल तेवढा समोरच्याला गोल कमी दिसतो. मग तो थांबतो, आणि सगळं कसब या थांबण्यात आहे. समोरचा खांदा पाडतो, स्टिक फिरते तसा चेंडू उजवीकडून डावीकडे जातो, तुम्ही आडवे पडावं म्हणून तो जिवाचं रान करतो. आधी पडलात तर संपलं. उभं राहायचं, नजर चेंडूवर ठेवायची, त्याला कडेला ढकलत न्यायचं, त्याची सेकंदं खायची. स्टेडियममधली हजारो माणसं ओरडत असताना हे करायचं, आणि एकदा करून भागत नाही.

पाच-पाच प्रयत्नांनंतरही बरोबरीच. सडन डेथमध्ये हरमनप्रीत गोल करतो. आता आकाशनं एक अडवला की झालं. तो अडवतो. भारत ३-२ नं शूटआउट जिंकतो आणि सारा संघ गोलाकडे धावत सुटतो. दोन दिवसांनी धो धो पावसात अर्जेंटिनाकडून ०-१ अशी हार, मग जर्मनीला हरवून कांस्य. पण त्या स्पर्धेतली माझी रात्र सहा डिसेंबरचीच.

यापुढचा प्रवास जड आहे, तरी चला. फेब्रुवारी २०१८, बेंगळुरूचं राष्ट्रीय शिबिर. उत्तेजक चाचणीसाठी घेतलेल्या आकाशच्या नमुन्यात बंदी असलेलं स्टेरॉइड सापडतं. २७ मार्च २०१८ पासून दोन वर्षांची बंदी. मुद्दाम घेतलं असं ठरलं तर अशा पदार्थाला चार वर्षं असतात. त्याला दोन मिळाली, हा फरक गावात बोलताना विसरला जातो आणि तो विसरू नये. शरीरात काय जातंय याची जबाबदारी खेळाडूवरच असते, हा नियम कडक आहे आणि योग्यही आहे. तरी वऱ्हाडातल्या एका पोरानं एवढी वाट पाहून मिळवलेली जागा अशी जावी, याचं दुःख मला आजही आहे.

१३ डिसेंबर २०१८. पुन्हा कलिंग, पुन्हा उपांत्यपूर्व सामना, या वेळी विश्वचषकाचा. नेदरलँड्स जिंकतं, २-१. भारताच्या गोलात श्रीजेश आहे. आकाश बंदीत आहे.

बंदी संपली मार्च २०२० च्या शेवटी. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. गोलकीपरसाठी हे काही उतारवय नव्हे: श्रीजेशनं ऑलिंपिकचं पहिलं पदक ३३ व्या वर्षी घेतलं, दुसरं ३६ व्या. पण २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली होती. आकाशसाठी मैदान खुलं व्हायच्या दोनच दिवस आधी देशातली सगळी मैदानं बंद झाली होती.