कळफलकावरची बाराखडी

आजच्या धाग्याचा विषय अगदी अलीकडचा आहे, पण त्याची मुळे खिळ्यांच्या छापखान्यात आहेत.

मोबाइलवर 'क'ला स्पर्श करताच त्याभोवती का, कि, की, कु, कू यांचे वर्तुळ उमटते आणि बोट हव्या त्या रूपाकडे सरकवले की ते अक्षर लिहिले जाते. हा 'स्वरचक्र' कळफलक. २०१३ मध्ये तो आयआयटी मुंबईतील आयडीसी या अभिकल्प-विभागातून विनामूल्य उपलब्ध झाला. या कामाचे नेतृत्व करणारे प्रा. अनिरुद्ध जोशी यांचे संशोधन मानव-संगणक आंतरक्रियेचे, त्यातही मोबाइलचे आहे. त्याचे मोल इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळ्याच कारणासाठी जाणवते.

देवनागरी आणि यंत्र यांचे नाते जुने आणि बरेचसे एकतर्फी आहे. मात्रा, रफार, जोडाक्षरे यांमुळे छपाईला शेकडो खिळे लागत. ती संख्या कमी करण्याचा खटाटोप लोकमान्य टिळकांनीही केला. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली: अि, अी, अु, अू. पुढे टंकलेखन यंत्र आले आणि सुमारे ९० चिन्हांत सारी लिपी कोंबावी लागली. १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याची शिफारस केली. ती टिकली नाही. या सुधारकांचा हेतू उदात्त होता, यात शंका नाही. परंतु प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता: यंत्रासाठी लिपीने काय सोडावे?

१९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट ही मांडणी प्रमाणित केली. सर्व प्रमुख भारतीय लिप्यांना समान असलेली ती खरोखर चतुर रचना होती. तथापि तिचा पाया दोन्ही हातांनी टंकलेखन करण्याचा कळफलक हाच होता. हातभर रुंदीचा तो पट तळहाताएवढ्या काचेवर कसा मावावा?

जोशी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेल्या 'कीलेख' या कळफलकात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने लावलेली होती. शाळेत पाठ केलेली क, ख, ग, घ हीच मांडणी. वेगळे काही शिकण्याची गरज नाही. स्वरचक्राने ही कल्पना स्पर्शपटलावर आणली. चक्रातून हलन्त निवडला की पुढची व्यंजने जोडाक्षराच्या रूपातच समोर येतात. 'क्' नंतर क्त, क्य, क्ष आधीच दिसतात. जोडाक्षर 'कसे काढायचे' हा नवशिक्याचा अडसर तिथेच दूर होतो. लिपी जशी आहे तशी ठेवून यंत्राची रचना बदलणे ही माझ्या मते या संशोधनाची ऐतिहासिक बाजू आहे.

दुसरी बाजू पद्धतीची. कळफलक चांगला आहे हे सांगून भागत नाही, ते मोजावे लागते. २०१६ च्या 'मोबाइल एचसीआय' परिषदेत या गटाने निरनिराळ्या मराठी कळफलकांचा दीर्घकालीन तुलनात्मक अभ्यास मांडला. शब्द सुचवण्याच्या सोयीने मराठी टंकनाला खरोखर मदत होते का, हा त्यांचा प्रश्न होता. इंग्रजीत गृहीत धरलेली गोष्ट मराठीत तपासून पाहावीच लागते. 'घर', 'घराला', 'घरातल्यांनीसुद्धा' अशी रूपे घेणाऱ्या भाषेत पुढचा शब्द ओळखणे सोपे नव्हे!

याच अभ्यासकाच्या नावावर अल्पसाक्षरांसाठी 'रांगोळी' ही चित्ररूप दूरध्वनिवही (२००८) आणि एचआयव्हीबाधितांना औषधोपचारात साथ देणारी आवाजावर चालणारी व्यवस्थाही आहे. त्यांवर स्वतंत्र धागा हवा.

प्रभावाची मर्यादाही नोंदवायला हवी. आपल्यातले असंख्य जण आजही मराठी निरोप रोमन लिपीतच धाडतात. रोमनमध्ये 'काल', 'काळ', 'कळ' आणि 'कल' हे चारही शब्द बहुधा त्याच तीन अक्षरांत लिहिले जातात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे, म्हणून जुना कागद लावताना आपण संदर्भावरून शब्द ताडतो. आपले आजचे निरोप शंभर वर्षांनी कोणी वाचायला घेतले, तर त्याला ल-ळ, न-ण, त-ट असे सारेच ताडावे लागेल.