कॉइल कुठे मिळते?

गेल्या रविवारी आमचा ओव्हन गेला. चोरीला नाही हो, तापायचा बंद झाला! केकचं मिश्रण तयार, लेक ओट्यापाशी उभी आणि ओव्हनचा खालचा रॉड गारढोण. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर, "सर, ते मॉडेल बंद झालं. पार्ट येत नाही. एक्स्चेंज करून टाका." आठ वर्षांचा धडधाकट ओव्हन एका रॉडपायी भंगारात? आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणाऱ्या माणसाला हे जरा लागलंच.

आई शांतपणे म्हणाली, "आपल्या गोल ओव्हनची कॉइल तुझे बाबा लोहार चाळीतून आणायचे." झालं, डोक्यात किडा शिरला. तेव्हा मिळायची, मग आता का नाही?

तर मंडळी, आधी कॉइलबद्दल. तारेतून वीज सोडली की ती तापते हे एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं. पण लाल होईपर्यंत तापवलेली लोखंडी तार हवेत गंजून तुटायची. १९०६ साली अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाला निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. हेच ते नायक्रोम. तापल्यावर त्याच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो. टोस्टर, इस्त्री, शेगडी, ओव्हन ही सगळी पिलावळ या तारेची.

आपल्याकडे मात्र ती स्वयंपाकघरात पोचायला बराच वेळ गेला. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, पण ती वीज प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांसाठी. घरात भाजायचं तर पातेल्यावर झाकण आणि झाकणावर निखारे. नाहीतर दिवाळीत नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीत जायचं आणि ट्रेसाठी नंबर लावायचा.

घरच्या घरी यंत्र दुरुस्त करायला आपल्याला शिकवलं ते ओव्हनने नव्हे, स्टोव्हने. १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये लिंडक्विस्टने बनवलेला प्रायमस इथे इतका रुजला की पंपाचा स्टोव्ह म्हणजे प्रायमस. पिन, पंपाचा चामडी वॉशर, बर्नर हे भाग नाक्यावरच्या दुकानात मिळायचे. कारण बहुतेक स्टोव्ह त्याच घाटाचे, त्यामुळे याचा वॉशर त्याला चालायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस एकच, बनवणारे अनेक!

गोल अॅल्युमिनियमच्या ओव्हनचंही तेच. आमच्याकडच्या ओव्हनची कॉइल झाकणात होती, मध्ये बघायला काच. दुकानात कंपनी सांगायचीच नाही. "हजार वॉटची कॉइल द्या", बस्स. आमचं बिऱ्हाड तेव्हा वाशीत, सिडकोच्या घरात. सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, पण लोकल वाशीला आली १९९२ साली. म्हणजे बाबा एका कॉइलसाठी बसने खाडी ओलांडून मुंबईला जायचे. तोवर तुटलेली टोकं पिळून जोडलेली असायची. या जोडाचं आयुष्य कमी. तार आखूड झाली की रोध कमी होतो, करंट वाढतो आणि सैल जोड सगळ्यात आधी जळतो.

आता लगेच "गेले ते दिवस" म्हणून गळा काढू नका. उघडी कॉइल म्हणजे उघडी वीज, आणि स्टोव्हच्या भडक्यांनी कितीतरी बायका गेल्या. त्यातले काही 'अपघात' हे अपघात नव्हतेच. सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आलं ते अशाच मृत्यूंच्या काळात. आजचा बंद नळीतला रॉड हजारपट बरा. त्यात नायक्रोमची तार मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत दाबून बसवलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज नाही.

म्हणजे बिघडलं ते तंत्रज्ञान नव्हे. आतली तार तीच आहे, फक्त रॉडची लांबी, वाक आणि टोकं प्रत्येक मॉडेलला वेगळी झाली. युरोपात २०२१ पासून वॉशिंग मशीन, फ्रीज, डिशवॉशर यांचे सुटे भाग ७ ते १० वर्षं देणं बंधनकारक आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल उघडलं. चांगलंच झालं. पण पोर्टल माहिती देतं, रॉड नाही.

आमच्या रॉडचं काय झालं? प्लग काढला, ओव्हन पूर्ण गार होऊ दिला, मागचा पत्रा उघडला. ओव्हन १५०० वॉटचा, रॉड दोन, म्हणजे प्रत्येकी ७५०. २३० चा वर्ग भागिले ७५०, साधारण ७० ओहम. वरचा रॉड बरोब्बर तेवढा, खालचा ओपन. जुना रॉड पिशवीत टाकून वाशीत तीन दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी कंपनी विचारलीच नाही. रॉड टेपने मोजला, वॉट विचारले आणि खोक्यातून एक काढून दिला. टोकांना साधी टेप वितळते म्हणून चिनीमातीचा कनेक्टर आणि फायबरची नळीही दिली. बसवल्यावर रॉड आणि पत्रा यांच्यात गळती नाही ना, अर्थिंग शाबूत आहे ना, हे तपासलं आणि मगच स्विच दाबला. (मायक्रोवेव्हवर मात्र हा प्रयोग करू नका. त्याचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो.)

केक एका बाजूने जरा करपला. लेकीने करपलेला भाग काढून खाल्ला. आईने विचारलं, "जुना रॉड कुठे ठेवलास? टाकू नकोस हो. पुढच्या वेळी माप दाखवायला लागेल."

ठेवलाय, माळ्यावर.