सहा आठवड्यांची खाट

बायपासच्या पेशंटला पहिल्यांदा उभं करायला गेले, की नातेवाईक मध्ये पडतात. "ताई, एवढं छातीचं हाड कापलंय, चार दिवस तरी पडू द्या त्यांना!" मी फिजिओथेरपिस्ट, हृदयाच्या पेशंटना चालवणं हे माझं रोजचं काम. पण मला त्यांचा राग येत नाही. ही भीती लोकांना डॉक्टरांनीच शिकवली.

मुळात असं नव्हतं. लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डेन यांनी १७६८ मध्ये चालताना, विशेषतः चढावर, छातीत भरून येणारी आणि थांबताच ओसरणारी कळ नेमकी वर्णन केली. त्यांचा एक पेशंट रोज अर्धा तास लाकडं कापायचा. तो जवळजवळ बरा झाला, अशी नोंद १८०२ च्या त्यांच्या ग्रंथात आहे. ती कोणी मनावर घेतली नाही.

विसाव्या शतकात हार्ट अटॅकची ओळख पटली आणि सगळा भर विश्रांतीवर गेला. १९३९ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी शवविच्छेदनातून दाखवलं, की हृदयाची जखम भरायला साधारण सहा आठवडे लागतात. मग पेशंटही सहा आठवडे आडवाच! घास दुसऱ्याने भरवायचा, कूस दुसऱ्याने बदलायची, शौचाला भांडं. पायात रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात, न्यूमोनिया होई. हार्ट अटॅकमधून वाचलेली माणसं खाटेने नेली.

बॉस्टनमध्येच डॉक्टर सॅम्युअल लेव्हिन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी पेशंटला उचलून खुर्चीत बसवायला सुरुवात केली. पाय खाली सोडले की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, भार हलका होतो, हा लेव्हिन यांचा तर्क. शिकाऊ डॉक्टरांना हा सरळ गुन्हा वाटला. निषेध म्हणून ते आपल्याला नाझी सलाम ठोकायचे, असं लाऊन यांनी लिहून ठेवलंय. १९५२ मध्ये ८१ पेशंटचा अनुभव छापून आला. खुर्चीने कुणाचं वाईट झालं नव्हतं, उलट माणसांना धीर आला होता. माझ्या मते या साध्या खुर्चीने अनेक औषधांपेक्षा मोठं काम केलं.

१९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आला. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले; अटॅकनंतरही माणूस कामाला लागतो, हे सगळ्यांना दिसलं. उलट पडून राहिल्याने काय होतं, तेही कळलं: डॅलसमध्ये पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांची श्रम करण्याची क्षमता पाव भागाहून जास्त घसरली. हे १९६८ मध्ये प्रसिद्ध झालं. सर्जन फावालोरो यांनी क्लीव्हलँडमध्ये पायाची शीर वापरून बायपास रूढ करायला घेतली, तीही याच सुमारास, १९६७ मध्ये.

पडून राहण्याचा तोटा कळला, म्हणून आज आम्ही बायपासच्या पेशंटला छातीशी उशी धरून खोकायला लावतो, तीन छोट्या चेंडूंच्या यंत्राने श्वास ओढायला लावतो आणि मग व्हरांड्यात चालवतो. कापलेलं हाड तारेने बांधलेलं असतं, सांधायला दोन-तीन महिने जातात. तोवर खोकताना, कूस बदलताना, दाबल्यावर दुखतं. जड उचलू नका, पण चालणं सोडू नका. मात्र हाड हलल्यासारखं, खटखटल्यासारखं वाटलं, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर लगेच सर्जनना दाखवा. आणि हेबर्डेन यांनी सांगितलेली, चालताना येऊन थांबताच जाणारी कळ पुन्हा आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. थांबूनही ती गेली नाही, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.