डॉक्सिसायक्लीन (मुंबई उपनगरांतील प्रतिबंधक वापर)

टेट्रासायक्लीन गटातील एक अर्धसंश्लेषी प्रतिजैविक. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायचे औषध. बाजारात बहुधा १०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल किंवा गोळीच्या रूपात मिळते. मुरुमे, श्वसनमार्गाचे काही संसर्ग, स्क्रब टायफस, काही लैंगिक संसर्ग, प्रवाशांमधील हिवतापाचा प्रतिबंध अशा अनेक कारणांसाठी ते जगभर दिले जाते. अंधेरी-बोरिवलीपासून कुर्ला-घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या उपनगरांत मात्र पावसाळ्यात त्याची ओळख ‘लेप्टोची गोळी’ अशी आहे. तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आलेल्या माणसाला लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून ती दिली जाते. प्रस्तुत नोंद मुख्यतः याच वापराविषयी, आणि ही गोळी कशी गिळावी याविषयी आहे. तिचे टाळता येण्याजोगे बरेचसे अपाय गिळण्याच्या रीतीतून होतात.

पूर्वेतिहास : या गटातील पहिले औषध, क्लोरटेट्रासायक्लीन (ऑरिओमायसीन), १९४८ साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेतून बाहेर आले. ते मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळवणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डगर. त्या प्रयोगशाळेतील संशोधनाची सूत्रे आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. डॉक्सिसायक्लीन हे फायझर कंपनीने केलेले पुढचे रूप १९६७ पासून वापरात आहे. ते शरीरात जास्त वेळ टिकते, त्यामुळे दिवसातून एकदा किंवा दोनदा घेतले तरी पुरते.

कार्य : जिवाणूच्या पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमच्या ३०-एस या भागाला चिकटून ते प्रथिननिर्मिती रोखते. जिवाणू थेट मारण्यापेक्षा त्यांची वाढ थांबवणे हे त्याचे काम. रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास साधारण १६ ते २२ तास लागतात. बराचसा अंश आतड्यावाटे बाहेर पडतो. म्हणून मूत्रपिंडे कमजोर असलेल्यांनाही नेहमीची मात्रा सहसा चालते.

स्थानिक पार्श्वभूमी : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. म्हणजे तो प्रलय उपनगरांचा होता. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी साकीनाका-कुर्ला भागात वस्त्यांत शिरली. लाखो माणसे कंबरभर, छातीभर पाण्यातून चालत घरी पोहोचली. ऑगस्टमध्ये तापाच्या रुग्णांनी रुग्णालये भरली आणि त्यांतल्या अनेकांना लेप्टोस्पायरोसिस असल्याचे निष्पन्न झाले. तोवर हा आजार भातलावणी करणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याचा, फार तर गटारकामगाराचा मानला जाई. त्या पावसानंतर तो कचेरीतून परतणाऱ्या कारकुनाचा आणि शाळेतून परतणाऱ्या मुलाचाही झाला.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पीळदार जिवाणू उंदीर, घुशी, कुत्री, गुरे, डुकरे यांच्या मूत्रातून पाण्यात येतो. पायाची भेग, खरचटलेली नडगी, डोळ्याची किंवा तोंडाची ओली त्वचा यांतून तो शरीरात शिरतो. बराच वेळ पाण्यात राहून तळवे फुगले की त्याचा प्रवेश सोपा होतो. जोगेश्वरी-गोरेगावचे तबेले, नाल्यांकाठची घरे, न उचललेला कचरा आणि त्यावर पोसलेले उंदीर हे सगळे एकाच पाण्यात मिसळते. २०१५ च्या जुलैत पश्चिम उपनगरांत या आजाराने बळी घेतले, तेव्हा पालिकेला घरोघर पाहणी करून गोळ्या वाटाव्या लागल्या. २०१९ च्या २ जुलैला सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीकाठच्या कुर्ल्यातील रहिवासी पुन्हा हलवावे लागले. अंधेरीचा भुयारी मार्ग तर दर पावसाळ्यात बंद पडतो. गोळी हा या रोगावरचा शेवटचा अडसर आहे. नालेसफाई, कचरा उचलणे आणि मूषक नियंत्रण हे त्याआधीचे अडसर, आणि ते ढिले पडले की सारा भार एका कॅप्सूलवर येतो. संकलकाला ही वाटणी अन्यायाची वाटते.

प्रतिबंधक मात्रा : बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या पावसाळी सूचनांत जोखमीनुसार तीन गट केलेले असतात. साचलेल्या पाण्यातून एकदाच चालून गेलेली, अंगावर जखम नसलेली प्रौढ व्यक्ती : २०० मिलिग्रॅम, एकदाच. पायाला किंवा अंगाला जखम असताना पाण्यातून गेलेली व्यक्ती : २०० मिलिग्रॅम रोज एकदा, तीन दिवस. वारंवार पाण्यात उतरावे लागणारे, म्हणजे मलनिस्सारण आणि सफाई कामगार, बचावकार्यातील माणसे : २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. पाण्याशी संपर्क आल्यापासून २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना गाठून ही मात्रा सुरू व्हावी असे सांगितले जाते.

येथे एक साधी चूक वारंवार घडते. कॅप्सूल १०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे २०० मिलिग्रॅमसाठी दोन लागतात. शेजाऱ्याने दिलेली एक कॅप्सूल घेऊन ‘लेप्टोची गोळी घेतली’ असे समजणारा माणूस अर्ध्याच मात्रेवर निर्धास्त होतो. आपण कोणत्या गटात मोडतो हेही त्याने स्वतःच ठरवलेले असते. कामावर जाताना पायाला लागलेली बारीक ठेच संध्याकाळी आठवत नाही, पण तीच त्याला दुसऱ्या गटात टाकते.

आठ वर्षांखालील मुले आणि गरोदर स्त्रिया यांना डॉक्सिसायक्लीनऐवजी ॲझिथ्रोमायसीन देण्याची सूचना असते. मात्रा डॉक्टर ठरवतात. घरातल्या मोठ्यांच्या पाकिटातली कॅप्सूल उघडून मुलाला अर्धी पूड देणे हा उपाय नव्हे.

पुरावा : पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकी सैनिकांवरील चाचणी १९८४ साली प्रसिद्ध झाली. आठवड्याला २०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत एक, तर औषधाविना गोळी घेणाऱ्यांत २० जण आजारी पडले. उत्तर अंदमानात भारतीय संशोधकांनी केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चित्र वेगळे दिसले. संसर्गाचे प्रमाण दोन्ही गटांत फारसे वेगळे नव्हते, पण प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत सुमारे निम्मे होते. या दोन्ही चाचण्या साप्ताहिक मात्रेच्या होत्या. पुरानंतरच्या एकाच मात्रेविषयीचा पुरावा त्यामानाने तोकडा आहे. दक्षिण थायलंडमधील एका पाहणीत ती, विशेषतः जखमा असलेल्यांत, उपयोगी दिसली. सरसकट वाटपाबाबत तज्ज्ञांत एकमत नाही.

अन्ननलिकेचा व्रण : डॉक्सिसायक्लीनचा सर्वांत टाळता येण्याजोगा अपाय, आणि मुंबईकराच्या दिनक्रमाशी सर्वांत घट्ट बांधलेला. म्हणून येथे सविस्तर.

या औषधाचा हायक्लेट हा प्रचलित क्षार पाण्यात विरघळला की तीव्र आम्लधर्मी होतो. कॅप्सूलचे जिलेटिनी वेष्टन ओलसर झाले की चिकट बनते. घोटभर पाण्यासोबत गिळलेली कॅप्सूल पोटात न पोहोचता अन्ननलिकेच्या मध्यावर अडकू शकते. महाधमनीची कमान तेथे अन्ननलिकेला टेकते आणि वाट थोडी अरुंद होते. तेथेच ती विरघळते आणि आतले अस्तर भाजते.

आता पाण्यातून घरी आलेल्या माणसाची रात्र पाहा. गाडी दोन तास उशिरा. बोरिवलीला किंवा घाटकोपरला उतरून गुडघाभर पाण्यातून वाट काढलेली. घरी पोहोचायला अकरा. भूक मेलेली. अंघोळ, कोपभर चहा, कोणीतरी आठवण करून दिलेली गोळी, एक घोट पाणी, आणि लगेच आडवे होणे. कॅप्सूल अडकण्याला लागते ती प्रत्येक गोष्ट यात आहे : कमी पाणी, रिकामे पोट, आणि निजलेले शरीर. झोपेत लाळ कमी गिळली जाते आणि गुरुत्वाकर्षणाची मदतही उरत नाही. सकाळी छातीच्या मधोमध भाजल्यासारखे दुखते, घास तर सोडाच, थुंकी गिळतानाही कळ येते. चाळिशीच्या पुढचा माणूस हृदयविकार समजून घाबरतो, आणि अशा वेळी हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी हेही खरेच. पण डॉक्टरांना ‘काल रात्री गोळी घेतली’ हे एक वाक्य सांगितले तर निदानाची वाट निम्मी सरते. औषध थांबवल्यावर आणि आम्ल कमी करणाऱ्या उपचाराने बहुतेक व्रण काही दिवसांत ते दोन आठवड्यांत भरतात. क्वचित रक्तस्राव होतो किंवा अन्ननलिका आकसते.

टाळण्याची रीत साधी आहे. जेवल्यानंतर, भरलेला मोठा पेला पाणी घेऊन, बसून किंवा उभे राहून गिळावी. दोन कॅप्सूल असतील तर एकेक. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य तर तासभर, आडवे होऊ नये. पाण्याला चहा हा पर्याय नाही. रात्री उशीर झाला असेल तर गोळी दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर घेतलेली बरी. ७२ तासांच्या मुदतीत ती सहज बसते. वाटप करणाऱ्याने कॅप्सूल हातात ठेवताना एवढे जरी सांगितले तरी पुष्कळ त्रास वाचेल. गिळण्याचा त्रास असलेल्यांनी आणि अन्ननलिकेचा जुना आजार असलेल्यांनी हे आधीच डॉक्टरांना सांगावे.

इतर दुष्परिणाम : मळमळ, उलटी, पोटात कळ, जुलाब हे नेहमीचे, भरल्या पोटी घेतल्यास कमी. म्हणूनच भारतात लॅक्टोबॅसिलससोबतच्या जोडकॅप्सूल मोठ्या प्रमाणावर विकल्या जातात. प्रकाशाची बाधा : उन्हात उघडी राहणारी त्वचा लाल होते, जळजळते. ढगाळ हवा पूर्ण संरक्षण देत नाही, कारण त्रास देणारे अतिनील किरण ढगांतून बऱ्याच प्रमाणात येतात. सहा आठवडे साप्ताहिक मात्रा घेणारा सफाई कामगार दिवसभर उघड्यावर असतो. त्याला टोपी आणि लांब बाह्यांचा गणवेश हवा. स्त्रियांत योनिमार्गाचा बुरशीसंसर्ग. क्वचित तीव्र डोकेदुखीसह दृष्टी धूसर होणे (कवटीतील दाब वाढल्यामुळे). मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या तरुणांत हा धोका वाढतो, त्यामुळे दोन्ही औषधे एकत्र देत नाहीत. अंगावर पुरळ, ओठ किंवा चेहरा सुजणे, धाप लागणे, रक्तमिश्रित जुलाब यांपैकी काही झाल्यास गोळी थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

दात : वाढत्या वयात टेट्रासायक्लीन दातांत आणि हाडांत साठतात, जुन्या औषधांनी दात कायमचे पिवळे-करडे होत. डॉक्सिसायक्लीनमध्ये हा धोका कमी आहे, आणि अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ पासून अल्पकाळ वापरास सर्व वयांत मुभा दिली आहे. भारतातील प्रतिबंधक वापरात आठ वर्षांची मर्यादा पाळली जाते.

इतर औषधांशी आणि अन्नाशी संबंध : कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांच्याशी हे औषध बांधले जाते आणि शोषले जात नाही. डायजीन-जेल्युसिलसारखी आम्लनाशके, पन्नाशीनंतर रोज घेतली जाणारी कॅल्शियमची गोळी, शाळकरी मुलींना आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी, या सगळ्यांपासून दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. दुधाने शोषण साधारण पाचव्या हिश्शाने घटते, म्हणून पाण्यासोबतच घेणे योग्य. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन ही फिटांवरची औषधे त्याचा टिकाव कमी करतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिननेही रक्तातील पातळी घसरते. क्षयाचे उपचार घेणारे रुग्ण उपनगरांतील वस्त्यांत मोठ्या संख्येने आहेत. रांगेत गोळी देताना हा प्रश्न विचारला जायला हवा. वॉरफरिन घेणाऱ्यांत रक्त जास्त पातळ होऊ शकते.

ताप आल्यावर : प्रतिबंधक मात्रा हा उपचार नव्हे. पाण्यातून चालल्यानंतर साधारण पाच ते चौदा दिवसांत (क्वचित महिन्यापर्यंत) ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, लाल डोळे, कावीळ, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसल्यास गोळी घेतलेली असो वा नसो, रुग्णालयात जावे. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर, बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे अग्रवाल ही पालिकेची उपनगरी रुग्णालये. साथीच्या रोगांसाठी चिंचपोकळीचे कस्तुरबा. रक्तातील आयजीएम चाचणी पहिल्या पाच-सात दिवसांत नकारात्मक येऊ शकते, तेवढ्यावरून आजार नाही असे ठरत नाही. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लीन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस, गंभीर आजारात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन. पहिल्या मात्रेनंतर काही तासांत थंडी वाजून ताप चढल्यास तो जिवाणू नष्ट होतानाची प्रतिक्रिया असू शकतो; औषध आपल्या मनाने सोडू नये. हीच लक्षणे डेंगी आणि हिवतापाचीही असतात, आणि लेप्टोच्या मात्रेने त्यांपैकी काहीच टळत नाही. डेंगीची शक्यता असताना आयबुप्रोफेन असलेली वेदनाशामके टाळावीत.

विक्री आणि कायदा : औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील अनुसूची ‘एच’ मध्ये समावेश, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नियमबाह्य. पाकिटावरची उभी लाल रेघ (केंद्र सरकारची जागृती मोहीम, २०१६) याचीच खूण. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात डॉक्सिसायक्लीन सहज उपलब्ध असावे अशा गटात, तर मुलांना दिले जाणारे ॲझिथ्रोमायसीन जपून वापरण्याच्या गटात येते. त्यामुळे प्रौढांनी ‘एकदाच घ्यायचे’ म्हणून दुसऱ्याकडे वळू नये.

पशुवैद्यक : कुत्री आणि पाळीव पक्ष्यांतही वापर.

साठवण : ओल न लागेल अशा जागी. गेल्या पावसाळ्यातल्या उरलेल्या कॅप्सूल मुदत पाहूनच घ्याव्यात. मुदतबाह्य जुन्या टेट्रासायक्लीनने मूत्रपिंडांना इजा झाल्याचे १९६० च्या दशकात नोंदले गेले. पूर आलेल्या घरात पाण्यात भिजलेले पाकीट टाकून द्यावे.